हुक कशाला लावायचा?

बोरिवलीत पुनर्विकासाच्या एखाद्या साईटवर बाहेरचं प्लास्टर चालू असेल तर जरा वर बघा. मिस्त्र्याच्या अंगावर बेल्ट असतो, हुक मात्र बऱ्याचदा पाठीवरच लोंबत असतो. आम्ही सेफ्टीवाले खालून ओरडलो की तो लावतो, वळलो की काढतो. ‘या लोकांना जिवाची पर्वाच नाही,’ असं शेजारच्या गॅलऱ्यांतून ऐकू येतं. मला ते पटत नाही. परांचीवर चढण्याआधी काथ्याची गाठ पायाने दाबून बघणारा माणूस जिवाला कंटाळलेला नसतो.

काम उक्तं असतं, चौरस फुटाच्या दराने. मुकादम भिंत मोजतो, त्यावर पैसे. दर दोन हात सरकताना हुक काढा, पुढे लावा, तोवर घमेल्यातला माल सुकायला लागतो. शिवाय हुक लावायचा कशाला? उभा आहे त्याच बांबूला लावला, तर परांची कोसळताना बांबूबरोबर मिस्त्रीही खाली. इमारतीलाच पक्की बांधलेली, डोक्याच्या उंचीवर ताणलेली लाईफलाईन असली की हुक तिच्यावरून सरकत जातो. अशा ठिकाणी मला ओरडावं लागत नाही.

छताचं प्लास्टर करताना हेल्मेट मागे घसरतं, हेही मी समजू शकतो. ग्राइंडरचं गार्ड काढणाऱ्याला मात्र माफी नाही.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने सेफ्टी ऑफिसर सक्तीचा केला, पण 500 किंवा जास्त कामगार असतील तिथेच. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत बांधकामासाठी हा आकडा 250 आहे. मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीच्या इमारतीवर साठ-सत्तर माणसं. तिथे माझ्यासारख्याला कोण ठेवणार?

खरी मेख दरात आहे. प्लास्टरच्या दरात परांची धरलेलीच असते, सरकारी दरसूचीतसुद्धा. म्हणजे फळ्या कमी टाकल्या, दोर जुनाच वापरला, की उरलेले पैसे ठेकेदाराचे. आणि दंड कुणाला? हुक न लावणाऱ्याला, त्याच्या कमाईतून!

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनो, कार्पेट, कॉर्पस आणि भाड्यासाठी तुम्ही बिल्डरशी महिनोन्‌महिने भांडता. त्याच करारात एक ओळ घालून घ्या: परांची, जाळी आणि लाईफलाईन यांचे पैसे ठेकेदाराला प्लास्टरच्या दराबाहेर, वेगळे मिळतील, आणि तेही जागेवर बांधलेलं दाखवल्यावरच.