वडकऱ्याच्या कलरीत एक दिवस

फजरची नमाज पढून आम्ही मायलेकी बाहेर पडलो तेव्हा वडकऱ्यात पाऊस भुरभुरत होता. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने केरळात इतक्या लांब यायचं कारण सांगायला जरा अवघड आहे. चार महिन्यांपूर्वी कॉलेजच्या एसटीत कुणीतरी माझ्या मुलीची ओढणी खेचली. ती काही बोलली नाही, ओरडलीही नाही. त्यानंतर मात्र एकटी घराबाहेर पडेनाशी झाली. तिच्या अब्बांसोबत कुवेतला काम करणारं एक मलबारी कुटुंब आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘सुट्टीत आमच्या घरी या. इथे कलरीपयट्टू मुलीही शिकतात.’ वडकऱ्याच्याच मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कलरीत उतरल्या, सत्तरी ओलांडल्यावरही शिकवत राहिल्या. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कलरी म्हणजे जमिनीत खणलेला आखाडा. रिवाजाप्रमाणे ४२ फूट लांब, २१ फूट रुंद आणि काही फूट खोल. दार पूर्वेला. नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांचा ओटा असतो, त्याला पूतरा म्हणतात. त्यावर दिवा तेवत होता. आत उतरणारा प्रत्येक जण जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि पूतरापुढे वाकायचा.

माझे पाय दारातच थांबले. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या लांब येऊन नको कसं म्हणायचं? पण झुकायचं ते फक्त अल्लाहपुढे, हे तिला मीच शिकवलेलं. आता मीच गप्प राहिले तर ती काय शिकणार? धीर करून गुरुक्कलांना हिंदीत सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, ‘बिस्मिल्लाह म्हणा, उजवा पाय आधी ठेवा. आमच्याकडे मुस्लिम मुलं नेहमी येतात. सलाम करा, पुरे.’ मलबारात मुस्लिम गुरुक्कलांच्याही कलरी आहेत, हे मला नंतर कळलं.

सकाळच्या तुकडीत सगळ्या मुलीच होत्या. कमरेला लांबलचक कापड घट्ट गुंडाळलं की पाठ आपोआप ताठ होते. गुरुक्कल तोंडाने हुकूम देत होते आणि मुली त्या तालावर पाय उंच फेकत होत्या. हत्ती, घोडा, सिंह, रानडुक्कर, साप अशा जनावरांच्या नावांचे पवित्रे. तासाभरात माझी लेक घामाने निथळली, दोनदा मातीत पडली. मीही चार पवित्रे करून पाहिले. गुडघ्यांनी लगेच आठवण करून दिली.

दुपारी कांजी पिताना तिने विचारलं, ‘कुणी हात धरला तर काय करायचं, ते कधी शिकवणार?’ गुरुक्कल म्हणाले, ‘आधी अंग तयार होतं, मग लाकडी काठी, मग तलवार-भाला, आणि रिकाम्या हाताचा डाव सगळ्यांत शेवटी. एका दिवसात लढायला येईल असं सांगणारा खोटं बोलतो. आज फक्त उभं राहायला शिक. पाय घट्ट, नजर समोर.’ तिचा चेहरा उतरला. मला मात्र त्यांचा खरेपणा आवडला. उहुदच्या मैदानात हुजूरांच्या (स.) रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या उम्मे अम्मारांची गोष्ट मी तिला सांगितली. तीही आधी उभं राहण्याचीच गोष्ट आहे.

असरनंतर यजमानांनी जवळच्या इरिंगलला नेलं. सामुतिरीच्या आरमाराचे सरदार कुंजाली मरक्कार यांचा किल्ला इथेच होता. पोर्तुगिजांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेल्या या घराण्यातल्या चौथ्या कुंजालींना १६०० साली पकडून गोव्यात मृत्युदंड दिला गेला. मुलगी बराच वेळ तिथल्या पाट्या वाचत होती.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, ‘अम्मी, दारात सांगताना तुला भीती वाटली ना?’ म्हटलं, ‘खूप.’ ‘तरी बोललीस,’ एवढंच म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली.

सोमवारी तिने दप्तर उचललं. मी चप्पल घालायला लागले, तर म्हणाली, ‘फक्त थांब्यापर्यंत ये.’ एसटी वळणाआड जाईपर्यंत मी आयतुल कुर्सी पढत उभी होते. पाय तेवढे घट्ट नव्हते. पण उभी होते.