घोड्यांची गोष्ट आणि खेडची लढाई

पेठ वडगावला येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि बरीच वर्षं ते चुकीचं केलं.

पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा झाला की परतीच्या वाटेवर वाठार फाट्यावरून आत वळायचे. मी त्यांना सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीवर न्यायचो आणि ठेवणीतली गोष्ट काढायचो. मोगलांची घोडी पाणी पिईनात, तेव्हा स्वार त्यांना विचारायचे, पाण्यात तुम्हाला संताजी-धनाजी दिसतात का? पाहुणे खूश, मीही खूश. मग महालक्ष्मीचं देऊळ, तलाव, चहा आणि गाडी रवाना.

या दंतकथेत वावगं काही नाही. पण तिच्या आडोशाला मी खेडची लढाई दडवत होतो.

1707 मध्ये औरंगजेब वारला आणि संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. तेव्हा राज्याचा कारभार पाहणाऱ्या ताराराणींनी त्यांच्यावर धनाजींना धाडलं. ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी शाहूंना मिळाले. पुढे पेशवा झालेले बाळाजी विश्वनाथ तेव्हा धनाजींच्याच पदरी होते. 1708 च्या जूनमध्ये धनाजी वडगावी वारले. शाहूंची साताऱ्याची गादी आणि ताराराणींनी उभारलेली कोल्हापूरची गादी यांची भाऊबंदकी 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत चालली. ती वारणा आमच्या उत्तरेला जवळूनच वाहते. तिच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. म्हणजे ताराराणींचा पक्ष सोडलेल्या सेनापतीची समाधी ताराराणींच्याच गादीच्या मुलखात आहे! वडगावात सांगण्यासारखं याहून मोठं काय असणार? आणि मी नेमकं तेच गिळत होतो. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे बोललं तर कुणाला तरी लागेल, ही भीती. खरं तर एकानंही कधी हरकत घेतली नव्हती.

एकदा सहलीतल्या एका मुलीनं विचारलंच, “सर, हे ताराराणींच्या बाजूचे का शाहूंच्या?” मी छाती काढून म्हणालो, “स्वराज्याच्या बाजूचे!” टाळ्या पडल्या. पोरगी हुशार. “पण शेवटी सेनापती कुणाचे होते?” मी घड्याळाकडं बघितलं आणि सगळ्यांना तलावाकडं हाकललं.

याहून बावळट चूक म्हणजे, जिथं शाहूंचं नाव घ्यावंच लागे तिथं ते मी नुसतंच घ्यायचो. आमच्या भागात शाहू म्हटलं की राजर्षी शाहू, 1874 साली जन्मलेले. एका मुलानं वहीत धनाजी राजर्षींना जाऊन भेटल्याचं लिहिलं होतं. दीडशे वर्षांहून मोठी उडी, आणि ती मी मारायला लावली होती.

गावातलं अवघड न लपवताही दाखवता येतं. स्कॉटलंडमध्ये समुद्राच्या फाट्याकाठी इन्व्हररे नावाचं टिकलीएवढं गाव आहे. तिथलं जुनं कोर्ट आणि तुरुंग 1989 पासून संग्रहालय झालंय. लहान पोरांनाही तिथं कोंडत, तेही पाहुण्यांना दाखवतात. पाहुणे तिकीट काढून बघतात. आम्ही फुकट दाखवायचं असून घाबरलो.

तोंडानं केलेल्या चुका पुढच्या पाहुण्यांपाशी दुरुस्त करता आल्या. हातानं केलेली तशीच राहिली. आमच्या आळीत पारापाशी एक वीरगळ आहे. खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. पाहुण्यांना नीट दिसावा म्हणून मी वर्गणी काढून त्याला ऑइलपेंट दिला. घोडा पांढरा, तलवार रुपेरी. रंगाच्या थरात अप्सरांची तोंडं बुजली. पावसाळ्यात आत ओल कोंडली आणि पापुद्रे सुटायला लागले. मग अक्कल चालवून मी तारेच्या ब्रशनं रंग खरवडला. रंगाबरोबर झिजलेल्या कोरीवकामाच्या उरल्यासुरल्या कडाही गेल्या. एका जाणकारानं नंतर सांगितलं, की रंग तसाच ठेवून त्यांना बोलावलं असतं तर निदान काहीतरी वाचलं असतं.

वडगावला जरूर या. सोमवारी मात्र नको. त्या दिवशी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही. समाधीपाशी कुणी फक्त घोड्यांची गोष्ट सांगून थांबलं, तर खेडचं विचारा. आणि तुमच्या गावात जुन्या दगडाला रंग द्यायची वर्गणी निघाली, तर एक रुपयाही देऊ नका.