कार्ड तिकडे चालेल का?

बांद्याचे एक काका छातीत दुखतंय म्हणून आले. ईसीजीत हार्ट अटॅक होता. "लगेच गोव्याला न्या, तेच जवळ," मी म्हटलं. मुलगा घुटमळला, "डॉक्टर, आपलं कार्ड तिकडे चालेल?" फोनाफोनीत पाऊण तास गेला. काका वाचले, पण आता जिना चढताना धाप लागते.

मुलाचं चुकलं नाही. 2018 मध्ये गोव्यात परराज्यातल्या रुग्णांना सरकारी रुग्णालयात शुल्क लागू झालं, ती धास्ती आहेच. म्हणून लक्षात ठेवा: आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण योजनेतल्या रुग्णालयातच. जवळचं कोणतं, ते आजच 14555 वर विचारून ठेवा. अटॅक आला तर मात्र आधी गाडी काढा. कागद मागाहून आणता येतात.