खजिनदाराची पाठ

परमेश्वराने माणसाला पाठ कशासाठी दिली असावी, याबद्दल निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांची निरनिराळी मते आहेत. हमालाच्या मते ती पोत्यासाठी दिली, जुन्या मास्तरांच्या मते धपाट्यासाठी, आणि आम्हा बँकेतल्या कारकुनांच्या मते काउंटरवर गर्दी झाली म्हणजे गिऱ्हाइकाकडे करता यावी म्हणून. पण आमच्या तालमीचे वस्ताद म्हणतात, "पाठ मातीला लावायसाठी हाय. ज्याची लागत न्हाई, त्याला खाज सुटती."

हे वाक्य मी बाराव्या वर्षी प्रथम ऐकले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मला ते समजले. मध्यंतरी मी बी. कॉम. झालो, हे त्याचे कारण असावे.

वडिलांनी मला तालमीत घातले ते मी पैलवान व्हावे म्हणून नव्हे. शेजारचा पोरगा मला रोज मारी, ते थांबावे एवढाच हेतू. दुर्दैवाने शेजाऱ्यांनीही आपला पोरगा त्याच तालमीत घातला. त्यामुळे पूर्वी तो मला नुसताच मारी, तो आता शास्त्रोक्त मारू लागला.

पण हौदाची मजा काही और होती. लाल माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. आमच्या घरच्या आमटीत इतका मसाला नसे. सकाळी खोऱ्याने हौद उकरायचा, मारुतीला नमस्कार करायचा, जोर-बैठका मारायच्या आणि जोड लागेल त्याच्याशी भिडायचे. तिथे सावकाराच्या पोराला हमालाचे पोर धोबीपछाड घालून आस्मान दाखवी आणि वर हात देऊन उठवी. आज तू खाली, उद्या मी खाली. पुढे कॉलेजात द्विनोंद पद्धती शिकवली, तेव्हा मला काही नवीन वाटले नाही. प्रत्येक नावेला एक जमा असते, हे मी हौदात पाठीने शिकलो होतो.

हौदात अहंकार नसतो, असे मात्र कोणी समजू नये. भरपूर असतो. फक्त रोज सकाळी त्याची पाठ लागते, त्यामुळे तो वाढत नाही. वाढतो तो बाहेर, कट्ट्यावर. मांडीवर शेवटचा शड्डू ठोकून ज्यांना वीस-वीस वर्षे झाली, ते सगळे तिथे बसतात. त्यांची पाठ पुन्हा लागायची शक्यताच नसते, म्हणून ते कायमचे अजिंक्य असतात. तालमीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, मार्गदर्शक, आश्रयदाते हे सारे याच कट्ट्यावर पिकतात. बँकेत माझी नोकरी लागली त्या वर्षी मीही हौद सोडला आणि कट्ट्यावर बढती घेतली. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला एकमताने खजिनदार केले. तालमीच्या इतिहासातले ते शेवटचे एकमत.

आमच्या कट्ट्याला नावे ठेवताना मी थोडा दबकतो, कारण राज्याचा कट्टा आमच्याहून मोठा आहे. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 साली औरंगाबादेत सुरू झाली, आणि पुढे अनेक वर्षे एका सालाला फार तर एक केसरी हा हिशेब व्यवस्थित जुळत असे. मग संघटना दोन झाल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही झाला. आम्ही बँकेत एका रकमेच्या दोन पावत्या फाडल्या, तर घरी बसावे लागते.

2025 साली तर हा मान आमच्याच जिल्ह्याला मिळाला. फेब्रुवारीच्या 2 तारखेला नगरच्या वाडिया पार्कवर अंतिम लढती झाल्या. (गावाचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे. आमच्या पावतीपुस्तकावर मात्र अजून जुनेच आहे, कारण नव्या पुस्तकावर अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव छापायचे ते ठरत नाही.) कट्टा झाडून सगळा मैदानावर होता. गादीवर राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची जोड होती. पंचांनी राक्षेला चितपट दिले. चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकदम टेकले पाहिजेत. राक्षेचे म्हणणे, टेकलेच नाहीत. वाद वाढला आणि पंचांना लाथ बसली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने पंचांचा निर्णय अमान्य करून मैदान सोडले. मोहोळ केसरी झाला, त्याला गदा आणि थार गाडी मिळाली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. आणि लगेच मार्च महिन्यात, आमच्याच जिल्ह्यात, कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली. तिथे वेताळ शेळके केसरी झाला. दोन महिन्यांत एका जिल्ह्याने दोन केसरी दिले. साखरेच्या उत्पादनातही आम्ही इतकी प्रगती दाखवलेली नाही.

खांदे टेकले की नाही, यावर आमच्या कट्ट्यावर दोन आठवडे चर्चा चालली. वस्ताद एवढेच म्हणाले, "टेकलं का न्हाई, ते खालच्याच्या पाठीला ठाऊक असतंय. वरच्याला न्हाई, पंचाला न्हाई आन् तुमाला तर न्हाईच."

हे सगळे आपल्याच मातीचे दुखणे, असे मला वाटे. पण पुण्याला शिकायला असलेला माझा भाचा तिथे ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची कुस्ती शिकतो. मूळ विद्या जपानची. मित्सुयो माएदा नावाचा जुदोचा पैलवान 1914 साली ब्राझीलला गेला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातल्या पोराने ती उचलली आणि पुढे त्या घराण्यातच कोणाची विद्या अस्सल यावरून भाऊबंदकी झाली. भाच्याला कमरेला निळा पट्टा मिळाला आहे. मी विचारले, "मग अडचण काय?"

"मामा, आमचे सर दुसऱ्या क्लासमध्ये सराव करू देत नाहीत. एक जण गेला, तर ग्रुपमधून काढलं त्याला. जो आपला क्लास सोडून दुसरीकडे जातो, त्याला ब्राझीलमध्ये 'क्रिओंते' म्हणतात. म्हणजे फितूर."

मला एकदम घरच्यासारखे वाटले. माएदा तिकडे न जाता नगरला उतरला असता, तरी निकाल हाच लागला असता. पट्ट्याच्या ऐवजी फेटा असता, एवढेच.

कारण आमच्याही तालमीत तेव्हा दोन अध्यक्ष झाले होते. कारण क्षुल्लक होते, म्हणजे गंभीर होते. हनुमान जयंतीच्या फलकावर विद्यमान अध्यक्षांचा फोटो माजी अध्यक्षांच्या फोटोपेक्षा दोन बोटे मोठा आला. माजी अध्यक्षांनी पट्टी मागवून मोजला. त्यातून दुसरी कार्यकारिणी जन्माला आली, दुसरे पावतीपुस्तक आले, आणि वर्गणी मागायला दोन टोळ्या फिरू लागल्या. व्यापारी मंडळी हुशार. पहिल्या टोळीला ती दुसरीची पावती दाखवीत, दुसरीला पहिलीची, आणि दोन्ही पावत्या मागच्या वर्षीच्या असत. या गोंधळात सात पोरे शेजारच्या तालमीत गेली. कट्टा खवळला. वस्ताद म्हणाले, "जाऊ द्या की. तिथं बी मातीच हाय."

तालमीचे खाते नेमके आमच्या शाखेत. त्यात अडतीस हजार चारशे साठ रुपये. सही अध्यक्षाची आणि खजिनदाराची, दोघांची. एक दिवस एका अध्यक्षांचे पत्र आले की दुसरी समिती बेकायदेशीर आहे, व्यवहार थांबवावेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अध्यक्षांचे शब्दशः तेच पत्र आले. (दोघांचा टायपिस्ट एकच होता.) दोन्ही पत्रे माझ्याच काउंटरवर आली. दोन्ही अध्यक्ष मला स्वतंत्रपणे चहाला नेऊ लागले. "खजिनदारसाहेब, तुमच्या सहीशिवाय काय आहे हो?" असे दोघेही म्हणत. बँकेत मला साहेब म्हणणारे कोणी नाही. मी त्या महिन्यात फार चहा प्यालो.

पुढे एका लग्नात दोघा अध्यक्षांना एकाच फोटोत उभे राहावे लागले. फेटे बांधले गेले, गळाभेट झाली आणि त्याच आठवड्यात दोघांनी आपापली पत्रे मागे घेतली. तरी खाते सुरू झाले नाही.

आता ही गोष्ट सांगायला मला जड जाते. तिसरे एक पत्र होते. ते माझे होते.

समेटानंतर तालमीच्या भिंतीवर नवा फलक लागला, त्यात माझे नाव सहचिटणिसाच्या खाली घातले होते आणि पुढचे 'बी. कॉम.' गाळले होते. मी ताबडतोब लेखी कळवले की, योग्य तो मान राखला जाईपर्यंत मी माझी सही मागे घेत आहे. पत्र मीच काउंटरच्या बाहेरून आत सरकवले, आत येऊन मीच घेतले आणि त्यावर 'मिळाले' असा शिक्काही मीच मारला.

नागपंचमीच्या चार दिवस आधी वस्ताद बँकेत आले. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, कान मोडलेले, धोतर स्वच्छ. टोकन घेऊन बाकावर अर्धा तास बसले. नंबर आल्यावर खिशातून रुमाल काढला, रुमालातून चांदीचे कडे. तरुणपणी कुठल्याशा जत्रेच्या हगाम्यात शेवटची कुस्ती मारून मिळवलेले.

"खजिनदार, याच्यावर काय मिळंल?"

"वस्ताद, आमच्याकडे फक्त सोन्यावर मिळतं."

"चांदी बी खरीच हाय की. घासून बगा."

"पण पैसे कशाला पाहिजेत?"

"हळद, तेल. पंचमीला हौद करायचा. चौदा पोरं ऱ्हायलीत. माती कोरडी पडली, पाठी सोलत्यात त्यांच्या."

"अहो, तालमीच्या खात्यात पैसे आहेत!"

"हाईत. पन कुलूप लावलंय म्हनं. दोघांना बी इचारलं. दोघं बी म्हनत्यात, आमी काढलं. तिसरा कोन हाय, तेवढं बगा."

डाव टाकताना वस्तादांच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नसे. तेव्हाही दिसले नाही.

मी पत्र मागे घ्यायचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना, म्हणून 'किरकोळ' असे लिहिले. ज्याला धड नाव देता येत नाही, ते आम्ही किरकोळ खर्चात टाकतो. अर्ज मीच दिला, मीच घेतला, साहेबांची सही आणली. सगळे मिळून सात मिनिटे लागली. आमच्या शाखेत इतके जलद काम पूर्वी झालेले नाही. वस्तादांनी कडे पुन्हा रुमालात बांधले आणि म्हणाले, "पंचमीला लंगोट घिऊन या."

मी विनोद समजलो. तो विनोद नव्हता. पंचमीला ओल्या मातीचा आणि हळदीचा वास दारापर्यंत आला होता. कट्ट्यावर दोन्ही अध्यक्ष बसले होते. वस्तादांनी माझी जोड अकरा वर्षांच्या पोराशी लावली, म्हणजे चक्क रेवड्यांच्या कुस्तीत. मी सलामी दिली, खडाखडी केली, आणि एकेरी पट निघाला हे मला कळले तेव्हा मी छप्पर बघत होतो. दोन्ही खांदे एकदम टेकले होते. याबाबत माझी काहीही तक्रार नाही.

पोराने हात दिला. उठण्यापूर्वी मी तसाच पडून भिंतीवरच्या फलकाकडे पाहिले. चष्मा काढून ठेवलेला होता आणि फलक उलटा दिसत होता. त्यावरचे एकही नाव मला वाचता आले नाही.

पोराला चार रेवड्या मिळाल्या. त्यातली एक त्याने मला दिली.