ताल्लुक आणि वजह

माझी रोजीरोटी दोन भाषांवर चालते. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. घरातही तेच. विजेच्या बिलापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत सगळं भाईजान माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "जरा उर्दू में बता दे." याच कामात मी एकदा मोठी चूक केली.

भाईजान भिवंडीत यंत्रमागावर असतात, बहुतेक रात्रपाळीला. सहा वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या शिबिरात रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी. कधी कावीळ नाही, पोटदुखी नाही. डॉक्टर म्हणाले, बहुधा जन्माच्या वेळीच आईकडून आला असावा. तान्हेपणी शिरलेला हा विषाणू सहसा जन्मभर मुक्काम करतो. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर त्याला हुसकून लावतं. भाभीची आणि मुलांची तपासणी झाली, लस झाली. भाईजानना टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू झाली. २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात ती मोफत मिळते, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता.

पुढच्या वर्षी कुठल्याशा तपासणीत जीवनसत्त्व डी ११ निघालं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी लिहून दिली. औषधाच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, "तुमच्यात बुरखा असतो ना, म्हणून होतं." बुरखा भाभी घालतात आणि डी कमी निघालं भाईजानचं! रात्रभर माग आणि दिवसभर झोप, त्या माणसाला ऊन भेटणार कधी?

त्याच सुमारास एका नातेवाइकाने मोबाइलवर एक मराठी लेख पाठवला. त्यात लिहिलं होतं की, यकृतात जुना विषाणू असलेल्या ज्या रुग्णांमध्ये डी कमी होतं, त्यांच्यात विषाणूचं प्रमाण जास्त आढळलं. दोन्हींचा संबंध दिसतो. भाईजानना सांगताना मी म्हणाले, "डी कम होने की वजह से वायरस बढ़ता है." संबंधाला उर्दूत 'ताल्लुक' असा नेमका शब्द आहे. वर्गात मी तो रोज वापरते. त्या दिवशी मात्र जिभेवर 'वजह' आली.

भाईजाननी साधा हिशोब केला. डी भरून काढलं की विषाणू आपोआप कमी होणार, मग गोळी कशाला? पुड्या चुकवल्या नाहीत, अकरा वाजता गच्चीवर उन्हात बसू लागले आणि कुणाला न सांगता गोळी बंद केली. चार महिन्यांनी भाभींनी त्यांचे डोळे पाहिले. हळदीसारखे. एसजीपीटी आठशेच्या पुढे गेलं होतं.

इस्पितळात एका वयस्कर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. उन्हाने कातडीत डी तयार होतं, पण ते कच्चं असतं. ते यकृतात जातं, आणि प्रयोगशाळा जे मोजते ते रूप यकृतच घडवतं. शेवटचं काम मूत्रपिंडाचं. म्हणजे यकृत फार बिघडलं तर डीचा आकडा आजारामुळेही घसरू शकतो! मी उलटी वाट धरली होती.

डीचं महत्त्व नाही असं नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशींवर डीला पकडणारे ग्राहक असतात, म्हणून संशोधकांनी आशा धरली. हिपॅटायटिस सी च्या काही छोट्या चाचण्यांत इंटरफेरॉनच्या जोडीला डी दिल्यावर गुण जास्त दिसला होता, पुढच्या चाचण्यांत तो तसा टिकला नाही. मग थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या आणि शंभरातले पंचाण्णवांहून अधिक बरे होऊ लागले.

सगळ्यात हललं ते पुढचं ऐकून. हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्याला हुडकायला आलेली आपलीच फौज त्या पेशी मारते. जुन्या आजारात ही फौज थकते, तिच्यावर थकव्याच्या खुणा उमटतात. पीडी-१ नावाची एक खूण संशोधक मोजतात. गोळीने विषाणू दाबून ठेवलेला असतो. ती अचानक सोडली की तो उसळतो आणि फौज त्याच्यावर, म्हणजे यकृतावरच, तुटून पडते. भाईजानच्या बाबतीत तेच झालं होतं. तेव्हापासून मोहल्ल्यात कुणी 'इम्युनिटी वाढवणारा' काढा विकायला आलं की मी विचारते, कुणाची, आणि कुणाविरुद्ध?

भाईजान सावरले. डी आता ३४ आहे, त्याने हाडांचं भलं होईल. गोळी रोज रात्री इशानंतर, रमजानातही तशीच. मागच्या तपासणीत विषाणू मोजणीत सापडला नाही, तरी गोळी सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

मी ती चूक त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तो पढ़ी-लिखी है, मैंने पूछा भी नहीं." हल्ली मोबाइलवर काही आलं की ते मला थांबवतात. "ठहर. ताल्लुक लिखा है, या वजह?"