कोंबड्यांचा चोर

आमच्या परसात कोंबड्या आहेत, हे वाक्य लिहिताना आजही आमची लेखणी किंचित अडखळते. ज्या घरात आमच्या मातोश्री अंड्याचे नाव निघताच कानांवर हात ठेवीत, त्याच घरामागे आता रोज पहाटे कोंबडा आरवतो. काळाचा महिमा, दुसरे काय!

हा उद्योग आमच्या धाकट्या सूनबाईंचा. गावातील बायकांच्या बचतगटात त्या गेल्या आणि एके दिवशी टोपलीतून ‘गिरिराज’ जातीची बारा पिले घेऊन आल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात गावठी कोंबडीप्रमाणे मोकळी हिंडून किडेमुंग्या व सांडलेले भात टिपते, म्हणून तिला दाणा थोडा पुरतो. आमच्या कुटुंबाने “उंबरठ्याच्या आत एक पीस दिसता कामा नये” एवढ्या अटीवर संमती दिली. आम्ही काही बोलणार, तोच सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, कोंबड्याकडून चार गुण घ्यावेत असे चाणक्यनीतीत सांगितले आहे, हे तुम्हीच ना मुलांना शिकविलेत?” आम्ही निरुत्तर झालो.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावी आहे. मागे काजूची झाडे व करवंदीच्या दाट जाळ्या, त्यापुढे भातशेतीचे बांध आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचे घर. पिले मोठी झाली, अंडी देऊ लागली, आणि मार्गशीर्षात त्यांतील एक नाहीशी झाली. पौष सरेपर्यंत आणखी दोन गेल्या. मागे उरे ते करवंदीखालचे मूठभर पीस. कोणी म्हणे मुंगूस, कोणी म्हणे कोल्हा, तर कोणी घारीवर आळ घेई. आम्ही सर्वांचे ऐकून घेत असू आणि आपण मात्र योग्य वेळी निर्णय देऊ, अशा मास्तरी थाटात मान हलवीत असू.

ती योग्य वेळ एका पहाटे आली. झुंजुमुंजू झाले होते आणि सूनबाईंनी नुकतेच खुराडे उघडले होते, तोच कोंबड्यांचा एकच कलकलाट ऐकू आला. आम्ही विजेरी घेऊन धावलो. बांधावर शेजाऱ्याचा कुत्रा मोती उभा होता. त्याच्या पायांशी आमची चौथी कोंबडी मरून पडली होती आणि त्याच्या ओठाला एक पीस चिकटलेले होते. आणखी कोणता पुरावा हवा?

शेजारी हा आमचा जुना विद्यार्थी. आता त्याचीही पन्नाशी उलटली आहे, पण आम्ही त्याच्या खळ्यात उभे राहून वर्गातल्याच आवाजात म्हणालो, “अरे, तुझा मोती आमच्या कोंबड्या खातो. आम्ही प्रत्यक्ष पाहिले. त्याचा काही बंदोबस्त कर.” तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, “होय गुरुजी.” तिसऱ्या दिवशी मोतीची रवानगी खाडीपलीकडे त्याच्या बहिणीच्या घरी झाली. आम्ही समाधानाने संध्या आटोपली आणि त्या रात्री स्वस्थ झोपलो.

पुढे आठवडाभरात आमच्या तीन कोंबड्या गेल्या. दोन महिन्यांत चार गेल्या होत्या, आणि चोर हद्दपार झाल्यावर सहा दिवसांत तीन!

जे आम्ही पहिल्या दिवशी करावयास हवे होते, ते आता सूनबाईंनी केले. त्यांनी सायंकाळी खुराड्याभोवती चाळलेली राख पसरली. सकाळी त्या राखेत वाटोळ्या पावलांचे ठसे उमटलेले होते आणि एकाही ठशात नखाची खूण नव्हती. कुत्र्याच्या पावलात नखे उमटतात. मांजराच्या जातीचे जनावर चालताना नखे आत घेते. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस आम्ही पडवीत निश्चल बसून राहिलो. करवंदीच्या जाळीतून एक उंच पायांचे, मातकट रंगाचे जनावर बाहेर आले. आखूड शेपटीच्या टोकाला काळी वलये आणि कानांच्या टोकांवर केसांचे बारीक झुबके. ते रानमांजर होते. बंद खुराड्याभोवती एक फेरी घालून ते आले तसे निघून गेले.

आम्ही चौतीस वर्षे संस्कृत शिकविले. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’. त्यातली ब्राह्मणी व मुंगसाची कथा आम्ही किती वर्गांना सांगितली असेल, याची गणती नाही. तान्ह्या मुलाला वाचविण्यासाठी मुंगूस सापाला मारते. पाणी घेऊन परतलेली आई त्याचे रक्ताळलेले तोंड पाहते आणि हातातील घडा त्याच्यावर टाकून त्याचा प्राण घेते. या आईला दोष देताना आमचा आवाज विशेष चढत असे. मोतीच्या ओठावरचे पीस पाहताना मात्र ती कथा आम्हांस आठवली नाही. मोकाट कुत्रा कोंबड्यांत शिरला तर बहुधा एकावर थांबत नाही, चारसहा मारून तेथेच टाकतो. आमच्या कोंबड्या तर एकेक करून उचलून नेलेल्या. ही खूण पहिल्यापासून आमच्या समोर होती. त्या पहाटे मोतीने चोराच्या तोंडची शिकार सोडविली असावी, आणि इतके दिवस तोच त्याला दूर ठेवीत असावा.

आम्ही शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, त्या पहाटे मोती जाळीकडे बघून भुंकत होता. मीच त्याची साखळी सोडली होती.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, प्रत्यक्ष पाहिले. तुमच्यापुढे उलट बोलायची सवय कधी लागलीच नाही.”

तो हे रागाने बोलला नाही, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

मोतीला परत आणावयास तो गेला. पण बहिणीच्या मुलांनी रडून आकांत केला, म्हणून रिकाम्या हाताने परतला. चैत्रात आम्हीही तरीने खाडी ओलांडून गेलो. मोतीने आमचा हात हुंगला, शेपूट हलविली आणि तो मुलांमागे धावत निघून गेला. त्याचे तेथे बरे चालले आहे. आमच्या शेजाऱ्याचे अंगण मात्र अजून सुने आहे.

रानमांजराला फास लावावा असा सल्ला पुष्कळांनी दिला. आम्ही तो मानला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा ठरते, हे एक. आणि त्याचे मुख्य अन्न उंदीर, म्हणजे आमच्या भाताचे शत्रू, हे दुसरे. त्याऐवजी खुराडे जांभ्याच्या जोत्यावर घेतले, अर्ध्या इंचाच्या भोकांची मजबूत जाळी लावून तिची कड हातभर जमिनीत पुरली आणि करवंद दहाबारा हात मागे तोडले. कोंबड्या आता ऊन पडल्यावर सुटतात आणि दिवेलागणीपूर्वी आत येतात. तेव्हापासून घारीने उचललेले एक पिलू सोडल्यास काही गेले नाही.

आता आम्ही पडवीत बसून कोंबड्याची भाषा शिकतो. आकाशातून धोका आला तर तो एकच लांब, बारीक स्वर काढतो. जमिनीवरून आला तर तुटक कलकलाट करतो. दोन्हींतील भेद आता आम्हांस डोळे मिटूनही कळतो.

ज्या घरांत वडील माणसाच्या शब्दापुढे कोणी बोलत नाही, अशा घरांतील आमच्या वयाच्या वाचकांसाठी हे लिहिले आहे. आपल्याला कोणी उलट उत्तर देत नाही, याचा अर्थ आपले म्हणणे खरे असतेच असे नाही. निर्णय देण्यापूर्वी एक रात्र राख पसरून पाहावी.