नानकचंद रत्तू : कचेरी सुटल्यानंतरची निष्ठा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आमच्या निवासी शाळेतही सायंकाळच्या वंदनेनंतर एक विद्यार्थी वाचतो आणि बाकीचे ऐकतात. हा ग्रंथ बाबासाहेबांचा आहे, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु प्रकृती खालावलेली असताना बाबासाहेबांनी लिहिलेली मूळ इंग्रजी पाने ज्यांनी रात्र रात्र जागून टंकलिखित केली, त्यांचे नाव फार थोड्यांच्या ओठी असते. ते नाव नानकचंद रत्तू. समाजाने जीव लावावा अशा या निष्ठावंत माणसाचे स्मरण या स्मरणिकेत व्हावे, असे आम्हांस मनापासून वाटले.

रत्तूंचा जन्म १९२२ मध्ये पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यात, अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजात झाला. उपजीविकेसाठी ते दिल्लीस आले, सरकारी नोकरीत लागले आणि बाबासाहेबांच्या सहवासात आले. मराठी ही त्यांची भाषा नव्हती आणि महाडचा संगर त्यांनी पाहिला नव्हता. तरीही बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या कामाचा मोठा भार या पंजाबी तरुणाने वाहिला. दिवसभर सरकारी कचेरीत काम करावे आणि कचेरी सुटली की २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी येऊन दुसरे काम सुरू करावे, असा त्यांचा क्रम होता. पत्रव्यवहार, हस्तलिखिते, पुस्तकांची ने-आण, सारे त्यांनी आपले मानले.

या क्रमाचे मोल कळण्यासाठी त्या वर्षातील एक प्रसंग ध्यानी घ्यावा लागतो. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत बाबासाहेबांनी समाजातील शिकलेल्या वर्गाविषयी आपली व्यथा बोलून दाखविली. शिक्षण घेऊन नोकरीला लागलेली माणसे समाजाची सेवा करतील ही त्यांची अपेक्षा होती, आणि ती फोल ठरली असे त्यांना वाटत होते. नेमक्या त्याच दिवसांत एक नोकरदार माणूस रोज संध्याकाळी त्यांच्या घरी येऊन यंत्रावर बोटे चालवीत होता. त्या व्यथेला रत्तूंनी शब्दांनी उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर टंकलिखित पानांच्या रूपाने टेबलावर साठत गेले.

ते बाबासाहेबांच्या नजरेतून सुटले नव्हते. ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद या दोघांचे कृतज्ञतेने स्मरण केले. या दोघांनी प्रकृतीची वा मोबदल्याची पर्वा न करता केवळ प्रेमापोटी हे श्रम केले, असा त्या मजकुराचा आशय आहे. ग्रंथ १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात ही प्रस्तावना छापली गेली नाही. पुढे अनेक वर्षांनी ती वाचकांसमोर आली. इतक्या दीर्घ काळात आभाराचे ते शब्द छापील ग्रंथात नव्हते, तरी रत्तूंच्या निष्ठेत खंड पडला नाही. उतारवयात त्यांनी बाबासाहेबांच्या आठवणी ग्रंथरूपाने लिहिल्या. ‘लास्ट फ्यू इयर्स ऑफ डॉ. आंबेडकर’ हे त्यांचे पुस्तक १९९७ मध्ये आले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीचे वर्णन आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या रात्री रत्तू बाबासाहेबांजवळ होते. त्यांनी बाबासाहेबांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. ग्रंथाची प्रस्तावना, तसेच आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे बाबासाहेबांनी मागितली. रत्तूंनी ती आणून जवळ ठेवली. मग रात्री उशिरा सायकलवरून ते घरी निघाले. सकाळी बोलावणे आले, तेव्हा सारे संपले होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या मुलांना नागपूरजवळील चिचोलीच्या शांतिवनात नेले होते. तेथे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. टंकलेखन यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, “सर, बाबासाहेबच टाइप करायचे का?” आम्ही इतिहासात एम.ए. केले, तह, सनावळ्या, परिषदा पाठ केल्या. तरी एवढा नेमका प्रश्न आम्हांस क्वचितच कोणी विचारला असेल. यंत्र दिसले की बोटे कुणाची, असे विचारणे हीच इतिहासाची सुरुवात. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही मुलांना रत्तूंची कथा सांगितली.

कुणी म्हणेल, ही तर भक्तीच झाली. आम्हांस तसे वाटत नाही. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. भक्त आपली बुद्धी दुसऱ्याच्या पायाशी ठेवतो. रत्तूंनी आपला वेळ आणि आपले कौशल्य एका विचाराच्या कामी लावले. त्यांनी पाय चेपले ते आजारी माणसाचे, करुणेने. आणि तेथून उठून ते पुन्हा कागदांकडे वळले. जयजयकार करणारे पुष्कळ असतात, पण हस्तलिखिताची स्वच्छ प्रत वेळेवर तयार करणारा एखादाच असतो. ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात त्या एकाचा वाटा आहे.

या शाळेतून बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी आज बँकांत, रुग्णालयांत, तहसील कचेऱ्यांत, कारखान्यांत काम करीत आहेत. त्यांनी नोकरी सोडावी असे कुणीच म्हणणार नाही. रत्तूंनीही ती सोडली नव्हती. आम्ही मागतो ती कचेरी सुटल्यानंतरची एखादी संध्याकाळ. वस्तीतल्या मुलाला गणित शिकवावे, कुणा आजीचा पेन्शनचा अर्ज भरून द्यावा, विहारातील जुन्या पुस्तकांची यादी करावी. या कामांची छायाचित्रे निघत नाहीत आणि आभाराचे पान कधी छापलेही जात नाही. तरी त्यांवाचून चळवळीचे पाऊल पुढे पडत नाही.

नानकचंद रत्तू यांच्या स्मृतीस आम्हां सर्वांचे विनम्र अभिवादन. जय भीम!